डीबगिंगच्या खुणा वापरकर्त्याच्या हाती हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकातील बिघाडाचे कारण शोधण्याच्या, म्हणजे डीबगिंगच्या, सोयी चालू-बंद करणे वापरकर्त्याच्या हाती असावे, यासाठी हे पत्र. अंबड औद्योगिक वसाहतीत माझा सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात तेथील बिलांचा संगणक दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. निळा पडदा क्षणभर दिसे आणि त्यावरची अक्षरे वाचून होण्याआधीच नाहीशी होत. दुरुस्तीवाल्याने दोन वेळा सगळे पुसून विंडोज नव्याने टाकली, दोन्ही वेळा पैसे घेतले. दुखणे मात्र तसेच राहिले. अखेर अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढली. पुढच्या वेळी पडदा तसाच थांबला, त्यावरचे शब्द वहीत उतरवून घेता आले आणि त्यांच्या आधारे तपासणी केल्यावर रॅमची एक पट्टी सदोष निघाली.

सामान्य माणसाला यातले काही कळत नाही, म्हणून अशा सोयी त्याच्यापासून दूर ठेवाव्यात, असे नेहमी म्हटले जाते. मला ते पटत नाही. मलाही काही कळत नव्हते. पण खूण माझ्या संगणकात असल्यामुळेच जाणत्या माणसाला ती काढता आली. कारखान्यातल्या यंत्राच्या पॅनेलची किल्ली मी रोज वापरत नाही, तरी यंत्र विकणारा ती आपल्याबरोबर घेऊन जात नाही.

धोका नाही असे मात्र मुळीच नाही. फोनवरून गोड बोलून एकेक बटण दाबायला लावणारे भामटे आपल्याकडे कमी नाहीत. बिघाडाच्या क्षणी संगणकाच्या मेमरीत जे असेल त्याची पूर्ण नोंद साठवून ठेवली, तर तीत उघडी कागदपत्रेच काय, पासवर्डही सापडू शकतात. त्यामुळे अशी नोंद मालकाला विचारल्याशिवाय संगणकाबाहेर जाता कामा नये. अँड्रॉइडने २०१२ मध्ये ४.२ या आवृत्तीपासून 'डेव्हलपर ऑप्शन्स', म्हणजे अॅप बनवणाऱ्यांसाठीचे तपासणीचे पर्याय, लपवले. सेटिंग्जमधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यावर ते दिसतात, आणि यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकावरून फोन तपासण्याची सोय) सुरू केल्यावर जोडलेल्या संगणकावर विश्वास ठेवायचा का, हेही फोन विचारतो. कुलूप न लावता उंबरठा थोडा उंच करण्याची ही रीत मला योग्य वाटते.

सगळेच पर्याय असे हाती देता येत नाहीत, हेही मान्य करावे लागेल. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलमधील, म्हणजे गाभ्यातील, काही कडक तपासण्या बांधणीच्या वेळीच, म्हणजे मूळ कोडपासून कर्नल तयार करतानाच, घालाव्या लागतात आणि त्या संगणकाला मंद करतात, म्हणून रोजच्या वापराच्या प्रतींत त्या सहसा नसतात. मात्र त्याच कर्नलमधील 'डायनॅमिक डीबग' या सोयीने, ती बांधणीत घेतलेली असेल तर, संगणक चालू असतानाच हव्या त्या भागापुरते तपशीलवार संदेश सुरू किंवा बंद करता येतात. म्हणजे जे मागाहून बदलता येते, ते विकतानाच गोठवून टाकण्याचे कारण उरत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा त्यांतील कित्येक सेफ मोडमध्ये (संगणक मोजक्या आवश्यक गोष्टींसह सुरू करण्याच्या सोयीत) जाऊन त्या अपडेटची सदोष फाइल काढल्यावरच उठले. तो दरवाजा बंद असता तर काय झाले असते, याचा विचार प्रणाली बनवणाऱ्यांनी करावा.

हे पर्याय मुळात बंद असावेत, पण वापरकर्त्याला सुरू करता यावेत, आणि प्रत्येकाशेजारी तो काय करतो व त्याने काय उघडे पडते, हे दोन ओळींत साध्या मराठीत लिहिलेले असावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक