लाओशी, तो थेंब इथेही टिकला

आदरणीय लाओशी,

सादर नमस्कार.

पत्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात ॲपवर टाकून तुम्हाला ते वाचून दाखवेलच. पण चिनीत लाओशी म्हणजे गुरू, आणि गुरू म्हणून तुम्ही मला काय दिलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं, आणि ते माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत कधीच नीट सांगता आलं नसतं.

नोकरीसाठी चीनमध्ये, तुमच्या हांगचौ शहरात आले तेव्हा रेशमी पंख्यावरचं डोंगर-पाण्याचं चित्र म्हणजे घरी न्यायची भेटवस्तू, एवढीच माझी समज होती. तुमच्या दारात आले तीसुद्धा पंखा विकत घ्यायलाच. तुम्ही पंखा दिला नाहीत. स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बस. आधी रेशीम बघ."

माझा पहिला पंखा वाया गेला. हौसेने आणलेलं कच्चं रेशीम चौकटीवर ताणलं, डोंगराची पहिली रेघ ओढली आणि शाई धाग्याधाग्यातून पसरत गेली. मला रडू कोसळायचंच बाकी होतं. तुम्ही चकार शब्द न बोलता कोमट पाण्यात सरस विरघळवलात, तुरटीचं पाणी वेगळं करून त्यात मिसळलंत आणि करंगळीने एक थेंब जिभेला लावलात. मलाही चाखायला लावलंत. किंचित तुरट लागलं पाहिजे, तोंड आवळेल इतकं नको. मग रुंद, मऊ कुंचल्याने एकाच दिशेने हात दिलात. वाळू दिलंत. परत हात, परत वाळवणं. शेवटी त्या रेशमावर पाण्याचा थेंब सोडलात आणि मला वाकून बघायला सांगितलंत. अळूच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहिला, आत जिरला नाही. लाओशी, तुरटी मला आजोबांच्या दाढीच्या डब्यातली माहीत होती आणि सरस सुताराच्या डब्यातला. त्या दोन ओळखीच्या वस्तूंनी परक्या शहरात मला किती धीर दिला, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

तुमच्या भिंतीवर मा युआनच्या पंख्याची छापील प्रत होती. निष्पर्ण विलो, पूल, मागे दूरचे डोंगर. मूळ चित्र बॉस्टनच्या संग्रहालयात आहे आणि ते जेमतेम वीतभर, साधारण 24 सेंटिमीटरचं आहे, यावर माझा विश्वासच बसेना. एवढ्याशा जागेत ते डोंगर किती लांब गेलेत! 1127 मध्ये उत्तरेतली राजधानी खायफंग हातची गेली, सुंग घराण्याचा दरबार दक्षिणेला सरकला आणि 1138 मध्ये तुमचंच शहर, तेव्हाचं लिनआन, राजधानी झालं, हे तुम्ही मला वहीत आकडे लिहून समजावलंत. मा युआन याच दरबाराचा चितारी. चित्राचा भार एका कोपऱ्यात ठेवून बाकीचं मोकळं सोडायची त्याची रीत, म्हणून त्याला 'एक-कोपरा मा' म्हणत. पुढच्या काळात काही जणांना त्या मोकळ्या जागेत गमावलेलं अर्धं राज्य दिसलं. तुम्हाला ते पटत नसे. तुम्ही मला पहाटे शीहू तळ्यावर नेलंत. पलीकडचा काठ धुक्यात पार नाहीसा झाला होता. "त्याने हे पाहिलं होतं," एवढंच म्हणालात. मलाही तेच खरं वाटतं.

त्या काळचे असे कितीतरी पंखे पुढे चौकटीतून सोडवून संग्रहाच्या पानांवर चिकटवले गेले. काहींवर मधोमध उभी पुसट खूण राहिली आहे, पंख्याच्या दांडीची. ती शोधायला तुम्ही शिकवलंत. आता असं चित्र समोर आलं की आधी माझी नजर तिथे जाते आणि कुणाचा तरी वारा घेणारा हात दिसतो.

आणि ती दुपार. माझा डोंगर साधला होता, खाली जागा रिकामी होती, म्हणून मी तिथे लाटा काढायला निघाले. तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरात नाही, पण सोडलंही नाहीत. "पाणी तिथे आहेच," म्हणालात. मी कुंचला खाली ठेवला आणि खरोखरच ते पाणी मला दिसलं. दोन वर्षांत तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, पण त्या एका क्षणाचे पैसे मोजता आलेही नसते.

तो पंखा पुण्याच्या घरी आहे. आईने पाहिल्या पाहिल्या विचारलं, "अगं, अर्धा कोराच ठेवलास?" मी काही बोलले नाही, तुमच्यासारखीच. दोन दिवसांनी चहा घेताना ती आपणहून म्हणाली, "खाली नदी आहे ना गं?"

उन्हापासून जपते आहे, पावसाळ्यात सुती कापडात गुंडाळून ठेवते. निघताना तुम्ही दिलेल्या सरसाच्या कांड्यांपैकी तीन उरल्या आहेत. तुरटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणली. परवा नवं रेशीम ताणलं, तीन हात दिले, वाळवलं आणि आईला हाक मारून तिच्या देखत थेंब सोडला.

टिकला, लाओशी.

तुमची विद्यार्थिनी