बाबा, ती पावडर चुकीची नाहीये

आई, बाबा,

काल फोनवर बाबांचा आवाज इतका चढला होता की मी गप्पच बसले, म्हणून आता व्हॉट्सअपवर लिहितेय, चष्मा लावून सावकाश वाचा.

बाबा, आईच्या जुलाबांवर डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर कोलेस्टेरॉलची आहे असं म्हणणारा नव्या पेठेतला मेडिकलवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. ती पावडर म्हणजे कोलेस्टायरामिन, हे कोलेस्टेरॉलचंच औषध आहे आणि आईला कोलेस्टेरॉल नाही हेही खरं, तरी डॉक्टरांची चिठ्ठी चुकलेली नाहीये, माझं बी.फार्म. एवढ्यासाठी तरी उपयोगी पडू दे.

तेलकट खाल्लं की ते पचवायला लिव्हरमधून पित्त येतं (आई, तुझं ते उन्हातून आल्यावर डोकं दुखणारं पित्त नव्हे हं). काम झालं की लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यातलं जवळजवळ 95 टक्के परत ओढून घेतो. आता आईचे रेडिएशनचे 25 शेक गर्भपिशवीच्या तोंडाला झाले आणि आतड्याचा तो भाग तिथेच शेजारी लोळतोय, त्यालाही मार बसणारच. अस्तर 3 ते 5 दिवसांत नवं होतं म्हणून शेक चालू असतानाचे जुलाब नंतर थांबले, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतं. मग ते पित्त न शोषता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे पाणी सुटतं आणि आईला भाकरी तव्यावर टाकून पळावं लागतं. पावडर त्या पित्ताला चिकटते आणि त्याला घेऊन बाहेर जाते, एवढंच तिचं काम. आतडं ती शिवून देत नाही.

कोरडी तोंडात टाकू नका, ठसका लागेल. ग्लासभर पाण्यात टाकून जरा मुरू द्या, वाळूसारखी कचकच लागते पण जाते. आणि बाबा, खरी गडबड तुमच्याकडून झालीय, सगळ्या गोळ्या एकदम दिल्या की झालं असं करता ना तुम्ही? ही पावडर बाकीच्या गोळ्यांनाही चिकटून बसते. थायरॉईडची सकाळी 6 ला द्या, पावडर दुपारच्या जेवणाला, आणि बीपीची गोळी पावडरच्या तासभर आधी नाहीतर 4 ते 6 तासांनी.

शेजारच्या काकांनी दिलेली अल्सरची बाटली, सुक्राल्फेटची, ती परत करा. तेच औषध एनिमातून दिलं तर शेकामुळे गुदाशयातून येणाऱ्या रक्ताला उपयोगी पडतं, तोंडाने घेऊन या जुलाबांना काही होत नाही. सांधेदुखीवरची सल्फासॅलाझिन पण कुणी सुचवेल, ती शेक चालू असताना त्रास होऊ नये म्हणून देतात, आता वेळ गेली. उगाच प्रयोग नकोत. शौचाला रक्त दिसलं किंवा पोट गच्च झालं तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आणि आई, शेंगा चटणी. तेल सुटेपर्यंत कुटलेली, वर परत कच्चं तेल ओतून खातेस, मग पित्त येणार नाहीतर काय होणार! महिनाभर बंद. बाबा म्हणाले डबा वरच्या फळीवर ठेवलाय, पण स्टूल कुठे ठेवलंय ते सांगितलं नाही. शनिवारी येतेय, डबा मीच पुण्याला घेऊन जाते.

तुमची,
छकुली