साहेब, शाळेतले कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी एकदा पेनड्राइव्ह लावून बघा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: विंडोज दहा संपलं म्हणून शाळेतली मशीनं संपत नाहीत, त्यांच्यावर मोफत लिनक्स चालतं, त्याबद्दल

साहेब नमस्कार,

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, सतरा-अठरा वर्षं झाली. पत्रं लिहायची सवय नाही, बिलं लिहायची आहे, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि एका जिल्हा परिषद शाळेतून फोन आला, की आमचे दहा कॉम्प्युटर निर्लेखित करायचेत, तुम्ही फक्त "दुरुस्तीयोग्य नाहीत" एवढं लेटरहेडवर लिहून द्या. मी म्हटलं बघितल्याशिवाय कसं देऊ. गेलो. कॉम्प्युटर रूमला कुलूप, किल्ली एका बाईंकडे, त्या ट्रेनिंगला गेलेल्या, मग शिपाईमामांनी दुसरी किल्ली कुठून तरी पैदा केली. आत दहा मशीनं प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या पॉवर बटणावर खंडेनवमीचं हळदकुंकू. पहिलं कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनमध्ये वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. चौथ्यात एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीत पाल, ती बिचारी कधीच गेलेली. ब्लोअर मारला, रॅम काढून तिचे पाय खोडरबराने घासले (हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना मंत्र, अजून चालतो), सीमॉसचे सेल बदलले. दहापैकी नऊ चालू झाले. फोर्थ जनरेशन आय थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. म्हातारे आहेत पण मेलेले नाहीत. आता ह्यावर "दुरुस्तीयोग्य नाहीत" कसं लिहू सांगा.

मुख्याध्यापकांना विचारलं हे भंगारात काढायचं कुणी सांगितलं, तर म्हणाले विंडोज दहा बंद झालं ना, वरून कुणीतरी सांगितलं की आता हे वापरणं धोक्याचं आहे. अर्धं खरं आहे ते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा, आणि आठवी आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याच्या आधी घेतलेलं मशीन कितीही ठणठणीत असू दे, कंपनीच्या लेखी ते बाद. नाही म्हणायला शाळांसाठी अपडेट वाढवून घ्यायची सोय आहे आणि ती स्वस्त आहे हे मी मान्य करतो, मशीनमागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, पण ती तीन वर्षांपुरतीच, २०२८ ला परत शिपाईमामा किल्ली शोधतायत. आणि खरं सांगू का साहेब, त्या नऊ मशीनांपैकी सहांवर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात ते पुसट "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" दिसत होतं. कुणी टाकलं, कधी टाकलं, मी विचारलं नाही. सरकारी शाळेत बिनलायसनचं सॉफ्टवेअर आणि बाहेर भिंतीवर "नेहमी खरे बोलावे".

नवीन घ्या म्हणणाऱ्यांनी आत्ता बाजारात एकदा फिरून यावं. एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम एवढी ओढलीये की २०२५ च्या शेवटापासून भाव सुटलेत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रूशियल ह्या नावाने आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना विकणं बंद करतोय. पूर्वी मी जुनी डीडीआर थ्रीची कांडी गिऱ्हाइकाला फुकट देऊन टाकायचो, आता ड्रॉवरला कुलूप घालतो. वर कॉम्प्युटरला १८ टक्के जीएसटी. अशा वेळी चालू मशीन किलोवर घालायचं म्हणजे, जाऊ दे, आमची आजी जे म्हणायची ते इथे लिहिता येत नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगतो. गावातली जी पोरं पुण्याला नोकरीला आहेत त्यांनी वर्गणी काढली, त्यातून नऊ एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असतात त्या) घेतल्या, मेलेल्या दहाव्या मशीनची रॅम काढून एका मशीनला लावली, आणि सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत, खुली सिस्टिम), त्यातलं हलकं असतं ते एक्सएफसीईवालं. एक पेनड्राइव्ह आणि एक दुपार. आधी चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात समोर हजर. लायसनचे पैसे शून्य, आणि हे चोरीचं नाही, ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगितलंय की घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या.

आता तुमचे अधिकारी म्हणतील हे असले प्रयोग एका शाळेत ठीक आहेत. साहेब, केरळमध्ये अख्ख्या राज्याने केलंय. २००१ मध्ये त्यांनी आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू केला, काही वर्षांत सरकारी शाळा पूर्ण लिनक्सवर नेल्या, पुढे त्याचीच काइट नावाची सरकारी कंपनी झाली, ती स्वतःचं उबंटूवर आधारलेलं लिनक्स बनवून शाळांना देते. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की दोन लाखांवर कॉम्प्युटरांवर हे चालतंय आणि त्यामुळे तीन हजार कोटी वाचले. तो आकडा मला जरा फुगवलेला वाटतो, कारण एका मशीनमागे दीड लाखाचं सॉफ्टवेअर धरलंय आणि एवढं महागाचं कुठली शाळा विकत घेते. पण निम्मा सोडा, दहावा हिस्सा धरा, तरी तीनशे कोटी.

पण पैशापेक्षा त्यांचं दुसरं काम मला मोठं वाटतं. त्यांनी नुसती सीडी वाटली नाही. आधी शिक्षक तयार केले, जिल्ह्याजिल्ह्यात मास्टर ट्रेनर नेमले, आणि मुख्य म्हणजे दहावीला आयटीची परीक्षाच त्याच सिस्टिमवर घेतली. परीक्षेला आलं की आपल्याकडे सगळे शिकतात हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे का. आपल्याकडे उलटं. आमच्याकडे निम्म्या लोकांना एमएस-सीआयटी मधलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट वाटतं, महाराष्ट्र स्टेट आहे हे सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. कॉम्प्युटर शिकणं म्हणजे एका कंपनीची बटणं कुठे आहेत ते पाठ करणं असं होऊन बसलंय.

अडचणी आल्या नाहीत असं नाही, त्या लपवत नाही. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं ह्यात एक्सेल आहे का. म्हटलं लिब्रेऑफिस आहे, तुमचा निकालपत्रकाचा तक्ता उघडून बघा. आकडे सगळे बरोबर आले पण मुलांची नावं म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. दोष लिनक्सचा नव्हता, फाइल कुठल्यातरी जुन्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनांवर एकच ठरलेला क्रमांक), तो फाँट नसेल तर दुसऱ्या विंडोजवरही हेच होणार. युनिकोड येऊन एवढी वर्षं झाली तरी शाळेत येणाऱ्या निम्म्या फाइली अजून तसल्याच. आणि ह्यात गंमत बघा, मोफत आणि खुले मराठी फाँट आपल्याच माणसांनी बनवलेत, लोहित रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातून आला, मुक्ता मुंबईच्या एक टाइपने केला. एक सारी रात्र बसून कन्व्हर्टरने गुरुजींच्या फाइली युनिकोडमध्ये करून दिल्या, "ऱ्य" आणि "र्‍हा" तेवढे हाताने सुधारावे लागले. ऑनलाइन माहिती भरायची पोर्टलं ब्राउजरमध्येच चालतात, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. प्रिंटरने मात्र दोन दिवस खाल्ले, आणि डिजिटल सहीचं टोकन अजूनही धड चालत नाही, म्हणून ऑफिसातलं एक मशीन विंडोजवरच ठेवलं. ठेवा की. मी काही धर्म बदलायला आलेलो नाही.

एक तक्रार मात्र सगळीकडे ऐकू येते, की लिनक्सवर पेनड्राइव्ह उघडत नाही, एमपी थ्री वाजत नाही. आता उघडते, आता वाजतं, पण एके काळी खरंच अडायचं, आणि त्याचं कारण तंत्र नव्हतं, पेटंट होतं. मोठ्या मेमरी कार्डांवर एक्सफॅट नावाची फाइली ठेवायची मांडणी असते, तिचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे, त्यामुळे लिनक्सवाल्यांना ती उघडपणे आत घेता येईना. २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच ती खुली केली आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली. एमपी थ्रीची पेटंटं २०१७ मध्ये संपली, त्याच्या आधी कित्येक लिनक्स ते सोबत देतच नव्हते. म्हणजे गुरुजींची गाण्याची फाइल वाजली नाही ह्याचा दोष त्यांनी वीस वर्षं फुकटातल्या सॉफ्टवेअरला दिला आणि अडवून बसले होते वकील. गेममध्ये पण हेच. गेम लोड होईपर्यंत पडद्यावर दुसरा छोटा गेम खेळायला द्यायचा, ह्या एवढ्याशा कल्पनेचं पेटंट जपानच्या नामकोने घेऊन ठेवलं होतं, ते २०१५ ला सुटलं. तोपर्यंत लोडिंग एवढं वेगवान झालं होतं की ती कल्पना कुणाला नकोच होती.

आपल्याकडे निदान एक बरं आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये स्पष्ट लिहिलंय की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, अल्गोरिदम, गणिताची किंवा धंद्याची पद्धत यांना पेटंट नाही. २००४ च्या शेवटी वटहुकूम काढून ते सैल करायचा प्रयत्न झाला होता, २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला. हे खातं केंद्राचं, तुमचं नाही, हे मला कळतं. पण दिल्लीत कधी तो विषय निघाला तर आमच्या शाळेतलं उदाहरण तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

आता गेमचं. मुख्याध्यापक म्हणाले, लोक म्हणतील शाळेत पोरं गेम खेळतात. खेळतात, मीच टाकलेत. लहानांना जीकॉम्प्री, म्हणजे खेळत शिकायचे छोटे गेम, मोठ्यांना लुआंटी, ते मोकळ्या जगात ठोकळे रचायचं असतं ना तसलं, पण खुलं. नऊ मशीनं एका स्विचला जोडली, इंटरनेट नाही काही नाही, आणि सगळा वर्ग एकाच जगात. ह्याची नियमांची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडते. सहावीतल्या एका मुलीला दाखवलं की ही ओळ गुरुत्वाकर्षणाची, इथे १ आहे. तिने त्याचं ०.१ केलं, गेम परत चालू केला आणि उडी मारली, तर तिचा बाहुला वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. वर्गात नुसता दंगा. विज्ञानाच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, चंद्रावर असं उडायचं असेल तर किती लिहावं लागेल? पोरांनी पुस्तकं काढली साहेब. मागितल्याशिवाय काढली. एकाने एक भागिले सहा करून ०.१६ आणलं आणि मग सगळे ओळीने चंद्रावर उड्या मारत बसले. हे विकतच्या, बंद गेममध्ये कुणी करू देत नाही, तिथे आतलं झाकण उघडायलाच मनाई.

तर माझं मागणं मोठं नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात एक रकाना वाढवा, की हे मशीन पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून बघितलं का, आणि बघितल्याशिवाय सही होऊ देऊ नका. नवीन खरेदीच्या टेंडरमध्ये ठरावीक कंपनीचंच सॉफ्टवेअर पाहिजे असं घालणं थांबवा, केंद्राचं २०१५ चं ओपन सोर्स धोरण तेच सांगतंय की खुल्या सॉफ्टवेअरचा विचार करा आणि ते नको असेल तर कारण द्या. ते राज्यावर आपोआप बंधनकारक नाही, पण घ्यायला कुणी अडवलेलं पण नाही. परिपत्रकं आणि तक्ते युनिकोडमध्येच पाठवा, ह्याला तर एक रुपया लागत नाही. आणि तालुक्याला एक माणूस, शिक्षकांतलाच, ज्याला हे येतं आणि ज्याच्याकडे जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराचे हिशोब हे नसेल. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे ते मला माहितीये. पण केरळमध्ये तेच केलं होतं, बाकी पेनड्राइव्ह तर माझ्याकडेही पडलेत डझनभर. सीडॅक ह्या केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर संस्थेचं मुख्य ऑफिस पुण्यातच आहे, त्यांच्या चेन्नईच्या लोकांनी बॉस लिनक्स बनवून पण कित्येक वर्षं झाली, तेव्हा सरकारी शिक्क्याचंच पाहिजे असेल तर तीही सोय आहे.

दाखला मी दिला, पण असा लिहून दिला: "नऊ संगणक चालू स्थितीत, निर्लेखनास अयोग्य." मुख्याध्यापक जरा नाराज झाले, कारण प्रस्ताव आधीच वर गेलाय म्हणे आणि तो परत कसा मागवायचा हे कुणालाच माहीत नाही. तेवढं तुमच्या ऑफिसातून कुणी सांगितलं तर बरं होईल. दहाव्या मशीनला रॅम आणि एसएमपीएस पाहिजे, जुन्यातला मिळाला की बसवून टाकतो.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक कॉम्प्युटर रिपेअरवाला

ता.क. कॉम्प्युटर रूमची किल्ली आता सहावीच्या वर्गात खिळ्याला टांगलेली असते.