चोर्ला घाटात तापणाऱ्या गाडीविषयी

फोंडा, गोवा

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. बेळगावला जाताना केरी मागे पडल्यावर घाटाच्या वळणांत तापमानाचा काटा तांबड्या रेषेपर्यंत चढला, वर चोर्ल्याच्या सपाटीला लागल्यावर आपोआप उतरला, आणि मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला, असे तू लिहितेस. थर्मोस्टॅट काढू देऊ नकोस. इंजिन थंड असताना पाण्याची रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्याने पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जाणारी वाट बंद ठेवणे आणि साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला ती उघडणे, हे त्याचे काम आहे. तो काढला तर सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसे तापतच नाही, पेट्रोल जास्त जळते आणि आतील भागांची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत रेडिएटरला वळसा घालणारी आडवाट याच भागाने बंद होते, त्यामुळे तो नसल्यास बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसेच परत फिरते आणि गाडी घाटात पूर्वीपेक्षाही लवकर तापते. तो बिघडला असेल तर त्याच अंशांचा नवा बसवावा. तो खरोखर उघडतो की नाही हे पाहायचे असेल, तर बाहेर काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा आणि पाणी तापवत न्यावे. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी त्याचे तोंड उघडताना डोळ्यांना दिसते.

तुझ्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य तू जाता जाता लिहिले आहेस: पर्वरीच्या रांगेत एसी लावून गाडी उभी असली तरी काटा हलत नाही. गाडी तापते याहून ती केव्हा तापते हे अधिक सांगणारे असते. उभ्या गाडीत तापून वेग घेतल्यावर निवत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा, म्हणजे त्याच्या मोटरचा, फ्यूजचा, रिलेचा किंवा त्याला चालू होण्याचा इशारा देणाऱ्या सेन्सरचा असतो. सकाळी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेले आहे, असे समजावे. तुझी गाडी मात्र चढावर तापते. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांशच कामी येते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली पाण्याने वाहून न्यावी लागते. समुद्रसपाटीजवळून सुमारे 800 मीटरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ही उष्णता कितीतरी वाढते आणि समोरून येणारा वारा मात्र कमी असतो. तेव्हा पंखा चालू आहे, पण रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद कमी पडते आहे, असा माझा कयास आहे. थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल तरीही असेच होते, म्हणून वरील परीक्षा करून घेणे योग्यच आहे. मात्र ती पुढील तपासण्यांनंतर.

आरंभ स्वस्त गोष्टींपासून कर. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का ते पाहा. नुसत्या प्लास्टिकच्या टाकीवर विसंबू नकोस, कारण टाकी भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. त्यानंतर झाकणच नीट न्याहाळ. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो आणि झाकण किती दाब धरते ते तो बार या एककात दाखवतो. 0.9 बारच्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे 119 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे कूलंट, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात मिसळायचे रसायन, असेल तर त्याहूनही वर टिकते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दाब धरला जात नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. झाकण स्वस्तात मिळते, त्यामुळे शंका आली तरी नवे घ्यावे. आकडा मात्र तोच असावा.

मग टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी, आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पाहा. आपल्याकडील तांबडी धूळ, वाळकी पाने आणि किडे तेथे दाट थर धरून बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे वारा जायला जागाच उरलेली नसते. उसगाव-तिस्क भागातून तू नेहमी येतेस, म्हणून हे विशेष सांगतो. पाण्याची मंद धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पापुद्रे वाकतात. पंख्याजवळ हात नेताना बॅटरीची वायर काढून ठेव, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा फिरू लागतो.

बाहेरून सर्व स्वच्छ असेल, तर आतून पाहायला हवे. पाणी गंजासारखे तांबूस दिसत असेल, तर कोणीतरी विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरत आले आहे. येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे अनेक जण म्हणतात. परंतु गोठण्यापासून रक्षण हा त्याचा एकच गुण आहे. अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणे आणि उकळणबिंदू वाढवणे ही आपल्याला हवी असलेली कामे तेच करते, आणि पाण्यातील क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या हळूहळू बुजतात. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा एखादा पट्टा इतरांपेक्षा थंड लागला, तर तेथील नळ्या बंद आहेत. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेल्या कूलंटचा ओघळ आहे का, हेही पाहून घे. नवे कूलंट डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यात मिसळून किंवा तयार मिश्रण आणून भरावे. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून, थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे ओतत राहावे. आत हवा अडकली तर सारी मेहनत वाया जाते. बुडबुडे थांबतच नसतील, गळती नसताना पाणी घटत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरून गाडी तशीच चालवू नकोस.

तोवर घाटात पुन्हा काटा चढू लागला, तर एसी बंद कर, खिडक्या उघड आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लाव. त्रास होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. काटा तांबड्यात शिरला तर वळणावर न थांबता पुढची रुंद जागा गाठून इंजिन बंद कर. काटा एकाएकी खाली पडला तर गाडी निवली असे मुळीच समजू नकोस. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की तो असाच फसवतो. वाफ येत असताना बोनेट उघडू नये आणि वरचा जाड रबरी पाइप हाताला सोसवेल इतका निवून दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये, कारण ते उघडताच दाब सुटून उकळते पाणी थेट अंगावर उडते. या बाबतीत तुझी घाई मला ठाऊक आहे, म्हणून विनवून सांगतो, अर्धा-पाऊण तास थांब. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नकोस, हेड वाकते किंवा तडकते.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात सांडू देऊ नकोस. ते गोड लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. बंद डब्यात भरून ते गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्यायला सांग. झाकणावरचा आकडा, पाण्याचा रंग आणि फटीत काय सापडले, एवढे मला कळव. त्यानंतरच रेडिएटर उतरवायचा की नाही ते ठरवू.

तुझे बाबा