सरकारी खरेदीच्या निविदेत दोन ओळी वाढवा

मा. माहिती तंत्रज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स मंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

म्हापशात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता पाटीवरच उरलाय. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की मिक्सर, पंखे आणि भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर येऊन पडतात. त्यात जुना माल निघाला की मला बरं वाटतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे, पण त्या मालाचं काम हातावेगळं होतं.

साधा छताचा पंखा घ्या. हाताने ढकलल्यावरच फिरतो, म्हणजे बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गेलेला. दोन वायरी जोडल्या की गिऱ्हाईक मोकळं. आता रिमोटवरचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा. वीज वाचवतो यात वादच नाही. साधा ७५ वॅट खातो तिथे हा तीसेक वॅटमध्ये भागवतो. पण पावसाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला, लाईट जा-ये करू लागली, की याचा सर्किट बोर्ड उडण्याची भीती. मॉस्फेट, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा भाग, गेला असेल तर मीटर लावून कळतं, बदलताही येतो. कंट्रोलर, म्हणजे पंखा चालवणारी चिप, गेली की हात टेकले. चिप बाजारात कोरी मिळते, तिच्यातला प्रोग्रॅम मिळत नाही. मग आख्खा बोर्ड बदला, आणि मॉडेल बंद झालं असेल तर पंखाच.

वॉशिंग मशीनच्या बोर्डावर तर जेलीसारखं रसायन ओतलेलं असतं. यात कंपन्यांची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. हणजूण-कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या बोर्डाचं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. पण त्या थराखालचा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बदलायचा तर खरवडत बसावं लागतं आणि खरवडताना बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक तुटतो. जुन्या मशीनचा फिरवायचा टायमर बिघडला तर दुसरा बसवला, विषय संपला.

पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटची आकृती चिकटवलेली असायची. हे कुणीतरी उघडणार, हे कारखान्याने धरूनच ठेवलेलं.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. फ्रान्सने २०२१ मध्ये फोन, टीव्ही, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीसाठी १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं. सुटे भाग आणि कागदपत्रं मिळतात का, तेही त्यात मोजलं. तसा कायदा तुमच्या हातात नसेल, पण खरेदी आहे. पेडण्यातल्या तुयेंला इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणायचं चाललंय, ते येतील तेव्हा येतील. शाळांचे स्मार्ट बोर्ड, कचेऱ्यांचे यूपीएस आणि पंखे सरकार आजच विकत घेतं. त्या निविदांत दोन ओळी घाला: सर्किटची आकृती मालासोबत द्यावी, आणि सुटे भाग सात वर्षं कुणाही कारागिराला विकत मिळावेत. आयटीआयच्या मुलांनाही मग बोर्ड बदलण्यापलीकडचं काही शिकता येईल.

मसुदा दाखवायला बोलावलंत तर आम्ही दोघे-तिघे कारागीर पर्वरीला येऊ. फक्त शुक्रवार नको, म्हापशाचा बाजार असतो.

आपला,
म्हापशातला एक दुरुस्ती कारागीर