पाटी कोण पुसतंय?

प्रिय बाळ,

नाव लिहीत नाही, उगाच संकोचशील. माझ्या चित्रकलेच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वहीच्या कडेला मासे काढणारी तू, आणि निवृत्तीनंतर पी-फाइव्ह, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायचं साधन, शिकायला बसलेला मी. उत्तर लगेच न सांगितल्याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. त्या रात्री मात्र राग आला होता, खोटं कशाला बोलू?

गोळा उजवीकडे सरकावा, एवढीच माझी इच्छा. एक्स म्हणजे गोळ्याची आडवी जागा. ‘लेट एक्स = ०’, खाली ‘एक्स = एक्स + १’, दोन्ही ओळी चित्र काढणाऱ्या ‘ड्रॉ’ या भागाच्या कंसात. गोळा ढिम्म हलेना. तासभर कंस आणि अर्धविराम तपासले. फोनवर तू म्हणालीस, “सर, एक्स प्रिंट करून बघा.” बघतो तर एक, एक, एक. मग तू विचारलंस, “पाटी कोण पुसतंय?”

मीच की! ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो आणि दर वेळी मी नवा एक्स शून्यापासून मांडत होतो. ‘लेट’ची ओळ सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपच्याही वर नेली, तसा गोळा निघाला तो ४०० पिक्सेलांचा कॅनव्हास सात सेकंदांत ओलांडून पसार. त्याला परत फिरवायला नंतर शिकलो. त्या दिवशी जाऊ दिला.

माउसची जागा सांगणारे माउसएक्स, माउसवाय हे तर आयते व्हेरिएबल; गोळा त्यांवर ठेवला की माउसमागे धावतो. बॅकग्राउंडची, म्हणजे सगळा कॅनव्हास रंगवून टाकणारी ओळ ड्रॉमधून सेटअपमध्ये हलवली की जुने गोळे पुसले जात नाहीत, हे मला चुकून सापडलं. मी ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि तू ‘अरे वा!’ म्हणालीस. तुला आधीच ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक आहे.

पण माउस जोरात फिरवला की गोळे सुटे सुटे पडत. त्यावर तू पीमाउसएक्स, पीमाउसवाय दिलेस: मागच्या फ्रेमला, म्हणजे ड्रॉच्या मागच्या फेरीला, माउस कुठे होता ते. तिथून आत्ताच्या जागेपर्यंत रेष ओढायची. मग दोन्हींतलं अंतर मोजून जाडी ठरवली. हात झरझर गेला तर बारीक, रेंगाळला तर जाड. अगं, हा तर कुंचलाच! वर्गात जन्मभर ‘दाब सांभाळा’ म्हणून ओरडलो. माउसला दाब कळत नाही, वेग कळतो.

काल त्या रेषेने मासा काढला. शेपटीशी घाई झाली, तिथे रेष केसासारखी आली आहे. सोबत पाठवतोय. कल्ले तुझ्यासारखे जमले नाहीत.

तुझे,
सर