बिलिंगहॅमच्या काकांना एका अप्रेंटिसचे आभारपत्र

आदरणीय काका यांस,
सादर प्रणाम.

गेल्या महिन्यात माझी डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता पदवी मिळवण्याचा अभ्यासक्रम, पूर्ण झाली आणि रासायनिक अभियांत्रिकीची पदवी हाती आली. हे पत्र केवळ तुम्हाला न पाठवता सर्वांसमोर ठेवते आहे, कारण इंग्लंडमधल्या ज्या मराठी घरांत बारावीच्या वयाच्या मुलामुलींचे पुढे काय करायचे याची चर्चा चालू असेल, तिथे तुम्ही आमच्या घरी येऊन सांगितलेल्या गोष्टी पोहोचाव्यात असे मला मनापासून वाटते.

‘अप्रेंटिस’ हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बाबा किती अस्वस्थ झाले होते, हे तुम्हाला आठवत असेल. इकडे येण्यापूर्वी त्यांनी तारापूर एमआयडीसीत अनेक वर्षे काढलेली; त्यांच्या लेखी अप्रेंटिस म्हणजे आयटीआय करून विद्यावेतनावर राबणारा मुलगा. गणित आणि रसायनशास्त्रात चांगले गुण मिळवलेली मुलगी विद्यापीठ सोडून कारखान्यात का जाते, हे त्यांना पटत नव्हते. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, शिकलेल्या आणि रसायन उद्योगाच्या बिलिंगहॅमला उभे आयुष्य प्रोसेस इंजिनिअर म्हणून काढलेल्या तुमच्यासारख्या माणसाने त्यांना समजावले, म्हणूनच ते थांबले. इंग्लंडमध्ये 2015 पासून अशी पदवी घेता येते, शुल्क विद्यार्थ्याला भरावे लागत नाही, कामाचा पगार मिळतो, आठवड्यातला काही वेळ अभ्यासासाठी राखलेला असतो, आणि विद्यापीठ सोडण्याचा प्रश्नच नाही, कारण पदवी विद्यापीठाचीच असते, हे सारे तुम्ही न वाद घालता कागदावर मांडून दाखवलेत. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तेव्हा वर्षाला 9,250 पौंड भरावे लागत, तो आकडाही तुम्ही शेजारी लिहिला होता. तो कागद आईने जपून ठेवला आहे.

नोकरी लागल्यावर मी तुमच्याकडे आले ती पी अँड आयडी, म्हणजे कारखान्यातले पाइप, झडपा आणि उपकरणे दाखवणारा आराखडा, वाचायला शिकवा असे सांगायला. कंपनीचे आराखडे कारखान्याच्या दाराबाहेर कधीही आणायचे नाहीत, हे तुम्ही आधी बजावलेत आणि मग तुमच्याच घरातल्या सेंट्रल हीटिंगची लाइन ट्रेस करायला लावलीत. बॉयलरपासून पंप, तिथून एकेक रेडिएटर, परतीचा पाइप, विस्तारपात्र, सुरक्षा झडप, असे सगळे हाताने चाचपत मी काढलेले चित्र तुम्ही तीन वेळा परत दिलेत, कारण जिन्याखालची एक ड्रेन झडप मला दिसलीच नव्हती. चित्रात जे नाही ते कारखान्यात कोणालाच माहीत नसते, असे म्हणून त्या दिवशी तुम्ही इंग्लंडमधल्याच फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्याची हकिकत सांगितलीत. 1 जून 1974 रोजी तिथल्या स्फोटात 28 माणसे गेली. सहा रिअॅक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून 20 इंची तात्पुरत्या पाइपने चौथा आणि सहावा जोडले होते, आणि त्या पाइपचे एकमेव रेखाटन कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेले होते. कारखान्यात काहीही बदलण्याआधी भरायचा बदलाचा अर्ज भरताना मला कधी कंटाळा आला नाही, तो यामुळेच.

तरीही मी सर्वाधिक ऋणी आहे ती दुसऱ्या वर्षाच्या त्या रविवारसाठी. उष्मागतिकीच्या परीक्षेत मी नापास झाले होते, बारा-बारा तासांच्या पाळ्यांनंतर पुस्तक हाती धरवत नव्हते आणि राजीनाम्याचा मजकूर लिहून तयार होता. तुम्ही त्याविषयी काहीच बोलला नाहीत; आठवडाभरात कारखान्यात काय ऐकलेस, एवढेच विचारलेत. रात्रपाळीला एका स्तंभाच्या तळाचा पंप खडी भरल्यासारखा वाजत होता, असे मी म्हणाले. तुम्ही औषधाची सिरिंज आणलीत, तिच्यात थोडे गरम पाणी ओढून तोंड बोटाने बंद केलेत आणि दट्ट्या मागे खेचलात, तसे ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. दाब बाष्पदाबापर्यंत उतरला की द्रव आहे त्याच तापमानाला उकळतो, पंपाच्या शोषणबाजूला बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढताच ते पात्यांवर फुटतात. खडीचा आवाज तो हाच. ज्या प्रकरणाची पाने मी महिनाभर नुसती उलटत होते, ते त्या संध्याकाळी मला समजले, आणि पुरवणी परीक्षेत मी उत्तीर्ण झाले.

अखेरच्या वर्षी प्रकल्पासाठी मी तोच पंप निवडला. शोषणबाजूची गाळणी चोंदत असल्याने दाब घटत होता, परंतु गाळणी किती चोंदली आहे हे कळण्याची सोय नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा गेज बसवावा, असा अर्ज मी केला. त्याची रीतसर तपासणी होऊन तो मंजूर झाला. इंजिनिअर म्हणून माझ्या नावावर नोंदला गेलेला हा पहिला बदल आहे. पी अँड आयडीच्या नव्या आवृत्तीत तो गेज आता छापून आला आहे. आराखडा तुम्हाला दाखवायला घरी आणता येत नाही, म्हणून इथे शब्दांत सांगितले.

आपली कृतज्ञ,
स्टॉकटनची तुमची विद्यार्थिनी